चाळीस मिनिटांत कोमेजलेली डहाळी

१

डब्याचं झाकण उघडलं आणि गुणाबाईंच्या हाताला कोमट पाणी लागलं.

बर्फ नव्हता. बर्फाचा खडाही नव्हता. त्या पाण्यात रक्ताची एकुलती एक पिशवी पालथी पडली होती आणि पिशवीवरची तापमानाची खूण लालभडक झाली होती. खूण लाल झाली म्हणजे ते रक्त माणसाला चढवायचं नाही, हे शिकाऊ नर्ससुद्धा सांगेल. गुणाबाई उंदिरवाडे तर कोसमगुड्याच्या रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका. त्यांनी झाकण पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. पाणी कोमटच होतं.

शेजारच्या खोलीत सीता पडून होती. वय बावीस, अंगात सिकलसेल हा रक्ताचा आजार, बाळंतपण तोंडावर आलेलं आणि रक्त इतकं उतरलेलं की ओठ कागदासारखे पांढरे पडलेले. तिचा रक्तगट दुर्मिळ. चंद्रपूरच्या रक्तपेढीतून त्या गटाचं रक्त आज विमानाने यायचं होतं, आणि आलं ते असं.

"दुपार टळायच्या आत रक्त मिळालं नाही, तर मी ऑपरेशनला हात लावू शकत नाही," डॉक्टर राजदीप हळू आवाजात म्हणाले. "आणि हात नाही लावला तर..."

बाहेर पायरीवर सीतेचा नवरा दसरू गुडघ्यांत डोकं घालून बसला होता आणि दार उघडंच होतं.

नकाशावर पट्टी ठेवली तर चंद्रपूरची धावपट्टी आणि कोसमगुड्याच्या माळावरची नवी धावपट्टी यांच्यात सव्वाशे किलोमीटर भरतात. छोट्या विमानाला चाळीस मिनिटं पुरतात. रस्ता मात्र पट्टीने आखलेला नाही. तो नद्या चुकवत, घाट शोधत, जंगलाची मर्जी सांभाळत दोनशेच्या घरात जातो. बरा दिवस असला तर पाच तास लागतात, आणि पावसाळ्यात किती लागतील हे विचारायचंच नसतं. गेल्या आषाढात अशीच एक बाई गुणाबाईंच्या डोळ्यांदेखत भाड्याच्या जीपमध्ये दगावली होती, पाणी चढलेल्या पुलाच्या अलीकडे. ते विमान सुरू झालं तेव्हा सबंध कोसमगुड्यात सर्वांत मोठा आनंद गुणाबाईंना झाला होता, फक्त त्यांनी तो कुणाला दिसू दिला नव्हता.

आणि आता चाळीस मिनिटांच्या प्रवासात एक डबाभर बर्फ वितळला होता.

"सील बघितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

गुणाबाईंनी सील बघूनच तोडलं होतं. ते शाबूत होतं. डबा वाटेत कुणी उघडलेलाच नव्हता.

२

"वैमानिकाची चूक. दुसरं काही नाही."

हे प्रफुल वैरागडे बोलले. विमान कंपनीचे साहेब. तीन महिन्यांची चाचणी कशी चाललीय ते पाहायला नागपूरहून आले होते आणि काल संध्याकाळपासून रुग्णालयाच्या पाहुण्यांच्या खोलीत डासांशी झुंजत होते. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळ्याचं उत्तर लगेच हवं असायचं.

"चाळीस मिनिटांचं उड्डाण आज पंचावन्न मिनिटांचं झालं. वर काचेवर वाफ धरू नये म्हणून आत गरम हवा सोडतात. डबा त्या झोतासमोर ठेवला असणार. झालं पाणी! चौकशी होईपर्यंत मी विमान उडू देणार नाही."

"आणि सीता?" गुणाबाईंनी विचारलं.

प्रफुल म्हणाले, "रक्तपेढीत आणखी पिशवी आहे का, तेही आपल्याला माहीत नाही. फोन लागतोय का?"

फोन लागत नव्हता. पावसाने जोर धरला की इकडचे टॉवर आधी मान टाकतात. म्हणजे चंद्रपूरला विचारायचं तर विमानच न्यायला हवं, आणि विमान तर साहेबांनी बांधून ठेवलेलं.

"एक तास द्या," गुणाबाई म्हणाल्या. "डबा कुठे तापला ते मी शोधते. वैमानिक रिनाची चूक निघाली तर तुम्ही म्हणाल ते. नाही निघाली, तर ती पोरगी याच पावली परत उडेल."

"बाई, तुम्ही नर्स आहात."

"तेवीस वर्षं. वॉर्डातून चादर गेली तर कोणाच्या पिशवीत आहे ते मी त्याच्या चालण्यावरून ओळखते. बसा इथे, चहा घ्या."

साहेब बसले. गुणाबाईंनी बसा म्हटल्यावर उभं राहण्याची कोसमगुड्यात कुणाची प्राज्ञा नव्हती.

डबा उचलताना त्यांचा हात कडीला लागला. कडीला मोहाची डहाळी बांधली होती. ती पार मान टाकून लोंबत होती.

३

रिना पुंगाटी औषधांच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. माडिया आदिवासींची पोरगी, इथून दोन डोंगर पलीकडच्या पाड्यावरची. शिष्यवृत्तीवर शिकली, वैमानिक झाली आणि सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी हीच फेरी मागून घेतली. आज तिचे डोळे सुजले होते.

"पंधरा मिनिटं कुठं घालवली?" गुणाबाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं.

"ढग होता, बाई. इंद्रावतीच्या अंगानं काळा ढग उभा होता. मी त्याले वळसा मारला. सरळ घुसली असती तं डबाही गेला असता अन् मीही."

"गरम हवा?"

"सोडली होती. पण डबा मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधला होता. तिथी झोत जातच नाई." तिने तळहात पुढे केला. "निघताना मी डहाळी बांधली तवा डबा इतका थंडा होता का बोटं बधिर झाली. मले काय वाटते सांगू? मी हा डबा आणलाच नाई असं वाटून राह्यलं."

"डहाळी तू बांधलीस?"

"मीच. तिथल्या कुंपणाजवळ मोहाचं झाड आहे. सामान निघालं का बांधायची. आता सगळेच बांधतात, तुमाले माहीतच आहे."

माहीत होतं. रिनाने पहिल्या फेरीला बांधली, मग रक्तपेढीतल्या श्रीहरीने बांधली, मग जीपवाल्या विक्कीने. आता या वाटेवर डहाळीशिवाय डबा हलत नव्हता. आजारी माणसाकडे जाणारी वस्तू हिरवी पोचावी, एवढाच त्यामागचा भाव.

"माही आजी याच्यानंच वाट मोजे," रिना डोळे पुसत म्हणाली. "ताजी डहाळी घेऊन चालाचं. ती जिथी मान टाकते तितकं अंतर झालं. अमकं गाव एका डहाळीवर, तमकं दोन डहाळ्यांवर. किलोमीटर कोणाले ठाव होते?"

मघाशी हाताला लागलेली ती लोंबती पानं गुणाबाईंना आठवली.

बाहेर व्हरांड्यात एकाएकी गलका झाला. पंधरा-वीस माणसं, बोचकी, कोंबड्या, सगळे भिजलेले. चंद्रपूरला जाणारी एसटी पुढच्या नाल्यावरून माघारी आली होती आणि सगळे प्रवासी रुग्णालयाच्या छपराखाली घुसले होते.

"पेशंटच्या दारात कोंबड्या नको!" गुणाबाईंनी जाता जाता दम भरला. आज सगळ्या जगाने मिळून त्यांच्याच डोक्यावर बसायचं ठरवलेलं दिसत होतं.

४

विक्की जीपमध्ये पाय वर घेऊन झोपला होता. तिशी उलटलेला, पिळदार मिश्यांचा गडी. बोलायला लागला की पुढच्या थांब्यापर्यंत थांबत नसे. धावपट्टीवरून रुग्णालयापर्यंतच्या आठ किलोमीटरांसाठी कंपनीने त्याची जीप लावली होती. त्याआधी चंद्रपूरच्या सगळ्या भाड्यांवर त्याचंच राज्य होतं. विमानाने पोट कोणाचं मारलं असेल तर याचं. गावात कुणालाही विचारलं असतं तर त्याने पहिलं बोट विक्कीकडेच दाखवलं असतं.

"विक्की, ऊठ. धावपट्टीवरून येताना कुठे थांबलास?"

"कुठीच नाई."

"काल रात्री कुठे होतास?"

"घरी. झोपून." आणि त्याने एवढी मोठी जांभई दिली की रात्रभर झोपलेल्या माणसाला ती शोभेना.

"डबा हातात घेतलास तेव्हा थंड होता?"

"मी काय डॉक्टर आहो? दिला तसा आणला." मग तो एकदम चिडला. "काऊन बाई, माह्यावरच शक घेऊन राह्यल्या? भाडे गेले म्हणून मी कोणाच्या जिवावर उठन काय? सीता माह्या मावसबहिणीच्या गावची आहे!"

तो खरं बोलत होता. राग खरा होता. पण एरवी अखंड बोलणारा विक्की आज एका वाक्यात उत्तर संपवत होता, आणि चिडला तेव्हाच तेवढा नेहमीसारखा वाटला.

गुणाबाई वळल्या आणि त्यांची नजर जीपच्या मागच्या चाकावर गेली. वर लाल मुरमाचा थर होता, कोसमगुड्याच्या प्रत्येक गाडीवर असतो तसा. पावसाने तो जागोजाग धुऊन काढला होता. मडगार्डच्या आत मात्र, पाणी पोचत नाही तिथे, दुसराच चिखल घट्ट बसला होता. त्यांनी बोट लावलं. बोट काळंकुट्ट झालं. बारीक, चमकणारं काळं.

अशी माती गडचिरोलीच्या जंगलात कुठेच नाही. ती कोळशाची. खाणीच्या ट्रकांमागून जाणाऱ्या गाड्यांना लागते, थेट चंद्रपूरच्या रस्त्यावर.

"विक्की," गुणाबाई वळून म्हणाल्या, "चल आत. आणि मिश्यांना पीळ देणं बंद कर."

५

डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. प्रफुल खुर्चीत, रिना दाराशी, विक्की कोपऱ्यात. मधल्या टेबलावर तो डबा.

"साहेब," गुणाबाईंनी सुरुवात केली, "हा डबा बर्फ किती वेळ धरतो?"

"चार तास. आमची तपासणी झालेली आहे."

"मग गरम हवेच्या झोतात पंधरा मिनिटं जास्त ठेवला म्हणून सगळ्या बर्फाचं कोमट पाणी होईल?"

प्रफुलनी डब्याच्या जाड भिंतीवर बोट वाजवलं. "नाही," ते अनिच्छेने म्हणाले. "तसं होऊ नये."

"आता ही डहाळी बघा. रिनाने निघताना ताजी तोडून बांधली. तासाभरात मोहाचं पान अशी मान टाकत नाही. याला निम्मा दिवस तरी लागतो. बर्फही तेच सांगतो आणि पानंही तेच सांगतात. हा डबा चाळीस मिनिटांच्या वाटेने आलेलाच नाही. हा रस्त्याने आलाय."

रिना टेबलाजवळ आली. डहाळीची गाठ तिने निरखून पाहिली आणि तिचा चेहरा पालटला. "ही माही गाठ नाई."

"नाहीच. चंद्रपूरहून काल रात्री एक जीप निघाली. तिच्या मडगार्डखाली अजून तिथला कोळसा आहे. सील शाबूत होतं, कारण कुणी काही फोडलंच नाही. चोरी नाही, घातपात नाही. डबेच दोन होते. एक विमानात, एक जीपमध्ये." गुणाबाई विक्कीकडे वळल्या. "दुहेरी धाडलं ना रे श्रीहरीने?"

प्रफुलना काही कळेना. त्यांना कळावं असं ते नव्हतंच. पण भामरागडच्या बाजूला जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागलं नसतं. इथे पावसाळ्यात मीठ असो, औषध असो, निरोप असो, एका वाटेने कुणी पाठवत नाही. एक एसटीने, एक ट्रकने. एक पुलावरून, एक नदीतल्या डोंग्यातून. दोनातलं एक पोचतंच. पहिलं आलं ते ठेवून घ्यायचं आणि मागून आलेलं आल्या गाडीने परत करायचं, हा बापजाद्यांपासूनचा शिरस्ता. श्रीहरी याच भागातला. ढग पाहून त्याने दुसरी वाटही धरली असणार.

विक्की कोपऱ्यातून टेबलापाशी आला.

"काल भाडं घेऊन चंद्रपूरले गेलो होतो, तिथी पाय धरले हो त्यानं माहे," तो म्हणाला. "म्हणे, ढग आहे, विमान नाई उतरलं तं ती बाई मरन. तू दुसरा डबा घेऊन नीघ, पण साहेबाले कळू देऊ नको. चाचणीत रस्त्यानं डबा धाडला असं कळलं तं विमानच बंद करतीन. मी रातभर गाडी हाकलली. नाल्यावर दोन तास अडकलो. धावपट्टीवर पोचलो अन् मागूनच विमान उतरलं. माह्याजवळ दोन डबे झाले."

"आणि तू पहिला आलेला दिलास."

"आपल्या इकडे तसंच करतात ना, बाई! पयला आला तो ठेवाचा. मले काय ठाव आतला बर्फ संपला म्हणून? मागून कळलं तवा दातखीळच बसली. श्रीहरीची नोकरी जाईन, विमान जाईन... अन् दुसरा डबा तं कवाचाच गेला होता."

मिठाच्या पोत्याला तो शिरस्ता चालतो. मीठ आधी आलं काय, मागून आलं काय, सारखंच. रक्ताचं उलटं असतं, मागून आलेलं ताजं असतं. ज्या सवयीने या मुलखात शेकडो माणसं तगली, त्याच सवयीने आज विक्कीने चांगला डबा हातचा घालवला होता.

रिनाने डोळे मिटले. "कुठी गेला दुसरा?" तिने कसंबसं विचारलं.

"परत धाडला. चंद्रपूरच्या एसटीत. कंडक्टरजवळ देल्ला."

प्रफुलनी कपाळाला हात लावला. आणि गुणाबाई, ज्यांना कुणी कधी धावताना पाहिलं नव्हतं, त्या खुर्ची पाडून दाराकडे धावल्या.

"अरे, ती एसटी गेलेलीच नाही!"

६

व्हरांड्यातल्या कोंबड्या फडफडत बाजूला झाल्या. भर पावसात पुढे गुणाबाई, मागे छत्री उघडायचं विसरलेले प्रफुल आणि त्यांच्या मागे रिना आणि विक्की. एसटी वडाखाली उभी होती. आत कंडक्टर एकटाच, पुढच्या सीटवर बसून, एका निळ्या डब्यावर दोन्ही पाय ठेवून डुलक्या घेत होता.

"पाय काढ!" गुणाबाई अशा ओरडल्या की तो बिचारा उभाच राहिला.

कडीला मोहाची डहाळी होती. हिरवीगार. डबा रुग्णालयात आणून सील तोडलं, झाकण वर झालं आणि आत बर्फाचे तुकडे एकमेकांवर खळखळले. अर्धेअधिक वितळले होते, पण होते. पिशवीवरची खूण लाल झालेली नव्हती. चार तास संपायला अजून थोडा अवकाश होता.

डॉक्टरांनी पिशवी हातात घेतली. नंतर रक्त जुळवून बघणं, सुई, नळी आणि त्या नळीतून उतरणारा पहिला लाल थेंब. गुणाबाईंनी सीतेचा हात हातात धरला. तो गार होता. बराच वेळ गारच राहिला. मग बोटांत हळूहळू ऊब आली आणि सीतेने डोळे उघडून पाणी मागितलं.

"पाणी मिळणार नाही, ऑपरेशन आहे," गुणाबाई कडक आवाजात म्हणाल्या आणि लगेच तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले.

बाहेर प्रफुल विक्कीसमोर उभे होते. दोघेही निथळत होते.

"चाचणीची अट मोडली तुम्ही लोकांनी," प्रफुल म्हणाले.

"मोडली, साहेब." विक्कीने मान वर केली. "पण इथी एकच वाट धरून बसलं तं माणूस मरते. गेल्या साली मेली एक. मीच गाडी चालवत होतो. विमानावर इश्वास नाई असं नाई. इश्वास बसाले दोन-चार पावसाळे जाऊ द्या."

काल रात्रभर मच्छर मारताना प्रफुलनी अहवालाचं शेवटचं वाक्य मनात ठरवून टाकलं होतं. ते आता कुठल्या कुठे गेलं होतं.

"रिना," त्यांनी हाक मारली, "ढग सरकला की पुन्हा जाता येईल? या बाईला आणखी एक पिशवी लागली तर जवळ असावी."

"लगेच, सर."

"आणि अहवालात मी लिहिणार आहे की दिवसाला एक फेरी पुरत नाही. दोन लागतात. तुमच्याकडे दुहेरी धाडतात ना? मग दोन्ही विमानानेच धाडा." ते विक्कीकडे वळले. "तू जे केलंस तेही लिहिणार आहे. सगळं. रात्रभर गाडी हाकललीस तेही. आणि श्रीहरीला सांग, पुढच्या वेळी लपवू नको, मला सांग. मीच अट बदलून घेईन."

रिनाने विक्कीच्या खांद्यावर एक जोरदार चापट मारली. "माह्यावर आळ आला तवा गप होता तू," ती म्हणाली. "चल, आता धावपट्टीवर सोड मले. वाटेत माफी मागजो."

विमानाचा आवाज डोंगरापलीकडे विरला तेव्हा ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं होतं. व्हरांड्यातली बोलणी आपोआप थांबली. अडकलेल्या प्रवाशांना सीता कोण हे सकाळी माहीतही नव्हतं. आता कुणी घराची चौकशी करत नव्हतं की नाल्याची. कंडक्टर दसरूशेजारी पायरीवर बसून होता. एका म्हातारीने कोंबडी पदराखाली घेऊन तिचं तोंड दाबून धरलं होतं.

पाऊस ओसरला. दार उघडलं.

गुणाबाई बाहेर आल्या. सगळे उभे राहिले. नेहमीच्या दरडावणीच्या आवाजात काय सांगायचं ते त्यांनी आतून निघतानाच जुळवलं होतं, पण दसरूचा चेहरा दिसला आणि ते सगळं बाजूला राहिलं. मग त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

दसरू त्या बोटांकडे नुसता बघत राहिला.

"दोघी," गुणाबाई शेवटी म्हणाल्या. "मायलेकी चांगल्या आहेत. जा, भेट."